लॅपटॉप आणि डेस्कटॉपसाठी अंगभूत ग्राफिक्स : वेगळे कार्ड खरोखर लागते का?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. घरात दोन खरेद्या एकदमच आल्या आहेत आणि दोन्हींबाबत दुकानदारांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून येथे विचारतो.

पुतणी जळगावला संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. तिला ५५ हजारांच्या आतबाहेर लॅपटॉप हवा आहे. धाकटा भाऊ पाचोऱ्यात लग्नसमारंभांचे छायाचित्रण आणि व्हिडिओ करतो; त्याचा चौथ्या पिढीच्या आय५चा डेस्कटॉप आता कॅमेऱ्यातल्या नव्या फाइली उघडतानाच अडखळतो. त्याच्यासाठी नवा डेस्कटॉप जुळवून घ्यायचा आहे. दोन्ही ठिकाणी वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर काम भागेल, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर असेल तर इंटेल घ्यावे की एएमडी, आणि चुकत असेल तर कोठे, हे जाणकारांनी सांगावे.

लळिंग (धुळे)

अंदाज बहुतांशी बरोबर आहे. मात्र ‘आय५’ किंवा ‘रायझेन ५’ एवढ्यावर कोणीही खरे उत्तर देऊ शकणार नाही. दुकानात दाखवलेल्या लॅपटॉपांचे पूर्ण मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरासह लिहावेत आणि रॅम किती व कशी बसवली आहे तेही लिहावे.

अरुणावती (शिरपूर)

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि दर जुलैत पालकांकडून हाच प्रश्न ऐकतो. लळिंग यांनी रॅमचा विषय काढला, तो आधी स्पष्ट करतो, कारण माझ्या मते अंगभूत ग्राफिक्सची निम्मी तुलना तेथेच संपते.

वेगळ्या कार्डावर स्वतःची वेगवान मेमरी असते. अंगभूत ग्राफिक्सला ती नसते. ते मुख्य रॅममधलाच वाटा वापरते आणि त्याच वेळी प्रोसेसरही त्या रॅममधून माहिती मागत असतो. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी लावली तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती ये-जा करू शकते. दोन पट्ट्या दोन चॅनेलमध्ये, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर, लावल्या तर ५१.२ जीबी. डीडीआर५-५६०० च्या दोन पट्ट्यांत हाच आकडा ८९.६ पर्यंत जातो. तुलनेसाठी सांगतो, जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डाची जुनी आवृत्तीसुद्धा एकट्या ग्राफिक्ससाठी सेकंदाला १२८ जीबीचा वेग राखून असते. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घेतल्या, तर प्रोसेसर तोच राहूनही ग्राफिक्सच्या कामात ठळक फरक पडतो.

इंटेलने तर हे नावातच गुंफले आहे. आयरिस एक्सई ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरला एकच पट्टी दिली की विंडोजमध्ये त्याचे नाव नुसते ‘यूएचडी ग्राफिक्स’ दिसते. पुढच्या कोअर अल्ट्रा एच मालिकेतही ‘आर्क’ हे नाव मिळण्यासाठी किमान १६ जीबी रॅम आणि ती दोन चॅनेलमध्ये असावी लागते. विद्यार्थी माझ्याकडे येऊन सांगतात की खोक्यावर एक लिहिले आहे आणि पडद्यावर दुसरेच दिसते. त्यांतल्या बहुतेकांच्या लॅपटॉपमधला दुसरा स्लॉट रिकामा असतो.

केळीबाग (रावेर)

सर, सगळे पटले. परंतु हे आकडे वातानुकूलित खोलीतले असावेत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा लॅपटॉपच्या पाठीवर भरिताची वांगी भाजून निघतील. त्याचाही हिशेब या तुलनेत धरावा.

अरुणावती (शिरपूर)

केळीबाग, आपण हसत हसत नेमक्या जागी बोट ठेवले आहे. अंगभूत ग्राफिक्स आणि प्रोसेसर एकाच तुकड्यावर असतात. दोघांना मिळणारी वीज एकच आणि दोघांची उष्णता काढणारा पंखाही एकच. एएमडीचे रेडिऑन ७८०एम हे ग्राफिक्स रायझेन ७ ७८४०यू मध्येही आहे आणि ७८४०एचएस मध्येही. पहिला १५ ते ३० वॅटसाठी बांधलेला आहे, तर दुसरा ३५ ते ५४ वॅटसाठी. दोन्हींच्या माहितीपत्रकात ‘७८०एम’ हेच नाव आणि तीच १२ कम्प्युट युनिट (ग्राफिक्सचे काम करणारे विभाग) दिसतील, तरी पातळ देहाच्या लॅपटॉपमध्ये ते बराच वेळ पूर्ण वेगाने चालू शकत नाही. खोलीच ४० अंशांवर असेल तर पंख्याला ओढायला गार हवा मिळत नाही आणि वेग आणखी लवकर खाली येतो. म्हणून खानदेशात लॅपटॉप घेताना हवा आत येण्याची जाळी कोठे आहे, हे मी ग्राफिक्सच्या नावाइतकेच महत्त्वाचे मानतो.

हतनूर (भुसावळ)

लॅपटॉपपुरते मान्य, डेस्कटॉपच्या बाबतीत मात्र मी स्पष्टपणे असहमत आहे. व्हिडिओचे काम पोटापाण्याचे असेल तर अंगभूत ग्राफिक्सवर विसंबणे ही खोटी काटकसर ठरेल. रंगसुधारणा, चित्रातला दाणेदारपणा काढणे, एकावर एक थर चढवणे या गोष्टी कार्डावरच सुसह्य होतात. प्रोसेसर ‘एफ’ अक्षराचा, म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नसलेला, घ्यावा, तो स्वस्त पडतो. उरलेले पैसे कार्डात घालावेत.

सारंगखेडा (शहादा)

हतनूर, आपले म्हणणे भुसावळपुरते ठीक असेल. आमच्या भागात वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि संगणक यूपीएसवर किती वेळ तग धरतो हाच खरा प्रश्न असतो. सर्वत्र मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार घेतो. ६५ वॅटचा प्रोसेसर आणि एक मॉनिटर एवढे असेल तर फाइल जतन करून यंत्र शांतपणे बंद करायला पुरेसा वेळ मिळतो. त्यात ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० घातले, तर एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणे) चालू असताना वीज गेल्यावर यूपीएसची शिट्टी ऐकेपर्यंतच वेळ उरतो. कार्डाच्या किमतीत मोठा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठा) आणि मोठा यूपीएस धरूनच तुलना करावी.

मेहरूण (जळगाव)

‘एफ’बद्दल एक खुलासा आवश्यक वाटतो. आय५-१२४०० मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, आय५-१२४००एफ मध्ये ग्राफिक्स अजिबात नाही. एएमडीकडे पाहिले तर रायझेन ५ ५६००जी मध्ये चांगले ग्राफिक्स आहे. ५६०० आणि ५५०० मध्ये नाही. गोलाणी मार्केटमध्ये जुळणी करून घेताना बिलावर पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. ‘एफ’ घेतलेल्या माणसाचे कार्ड उद्या बिघडले तर दुरुस्ती होईपर्यंत त्याचा मॉनिटर काळाच राहतो. लग्नसराईत असा खोळंबा कोणालाही परवडणार नाही.

मदरबोर्डवरचे एचडीएमआयही तपासावे. जुन्या वा अगदी स्वस्त बोर्डांवर १.४ आवृत्ती असते आणि तिच्यातून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते. माउस ओढल्यासारखा वाटतो आणि माणूस दोष मात्र ग्राफिक्सला देतो.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे आभार. पुतणी जाऊन क्रमांक टिपून आली आहे. पहिला रायझेन ५ ७५२०यू, ८ जीबी. दुसरा रायझेन ५ ७५३०यू, ८ जीबीची एक पट्टी, एक स्लॉट रिकामा. तिसरा आय५-१२३५यू, ८ जीबीच्या दोन पट्ट्या. चौथा आय५-१२४५०एच, सोबत आरटीएक्स २०५० चे ४ जीबीचे कार्ड. हा अंदाजपत्रकाच्या बराच वर जातो. पहिले दोन जवळजवळ सारखेच आहेत, फक्त किमतीत फरक आहे, असे तिला दुकानात सांगण्यात आले.

अरुणावती (शिरपूर)

पहिले दोन सारखे मुळीच नाहीत. एएमडीच्या त्या काळच्या क्रमांकपद्धतीत तिसरा अंक अंतरंगाची पिढी सांगतो. ७५२०यू मधील २ म्हणजे झेन २, ७५३०यू मधील ३ म्हणजे झेन ३, आणि याच मालिकेतल्या ७५४०यू मधील ४ म्हणजे झेन ४. ग्राफिक्सही तितकेच निराळे आहे. ७५२०यू मध्ये रेडिऑन ६१०एमची केवळ २ कम्प्युट युनिट आहेत, ७५३०यू मध्ये जुन्या वेगा रचनेची ७, आणि ७५४०यू मध्ये नव्या आरडीएनए ३ रचनेची ४. शिवाय ७५२०यू सोबतची एलपीडीडीआर५ रॅम बोर्डावरच जडवलेली असते. त्या ८ जीबीतून ग्राफिक्सचा वाटा वजा झाल्यावर जे उरते ते आयुष्यभर तेवढेच राहणार. हा लॅपटॉप अभियांत्रिकीसाठी घेऊ नये.

इंटेलच्या बाजूलाही असेच आहे, फक्त उलट्या दिशेने. ‘एच’ अक्षर पाहून माणूस दमदार यंत्र समजतो आणि प्रोसेसरच्या बाबतीत ते खरेही असते. पण १२४५०एच मध्ये ग्राफिक्सची ४८ एक्झिक्युशन युनिट आहेत, तर बॅटरी जपणाऱ्या १२३५यू मध्ये ८०. अर्थात चौथ्या लॅपटॉपमध्ये वेगळे कार्ड असल्याने तेथे ही उणीव भरून निघते.

माझी पसंती तिसऱ्याला. दुसराही चांगला आहे, त्याचे सहा गाभे (कोअर) पूर्ण क्षमतेचे आहेत. परंतु त्यात दुसरी पट्टी लगेच घालावी लागेल आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले आहेत की त्याची स्वस्ताई तेथेच संपेल. आयरिस एक्सई एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ प्रोसेसरवर भार न टाकता स्वतःच्या हार्डवेअरमध्ये उलगडते, वेगा उलगडत नाही, हाही एक लहानसा फरक आहे.

पाटणादेवी (चाळीसगाव)

अरुणावती सर, आपल्याविषयी आदर ठेवून वेगळे मत मांडते. मुलगी संगणक अभियांत्रिकीत आहे. तिसऱ्या वर्षी यंत्रशिक्षणाचे विषय येतील आणि तेथे जवळजवळ सगळे साहित्य क्यूडा (ग्राफिक्स कार्डाकडून आकडेमोड करून घेणारे एनव्हीडियाचे सॉफ्टवेअर) गृहीत धरून लिहिलेले असते. क्यूडा केवळ एनव्हीडियाच्या ग्राफिक्सवर चालते. आयरिस असो वा रेडिऑन, तेथे ते चालणार नाही. माझ्या मुलाला आम्ही विनाकार्डाचा लॅपटॉप दिला आणि शेवटच्या वर्षी तो मित्रांच्या यंत्रावर काम करत बसला. थोडे कर्ज झाले तरी चौथा पर्याय घ्यावा.

तोरणमाळ (नंदुरबार)

ताई, मी स्वतः त्याच शाखेच्या शेवटच्या वर्षात आहे, म्हणून नम्रपणे सांगतो. ४ जीबी मेमरीच्या कार्डावर आजची फार थोडी मॉडेल प्रशिक्षित करता येतात. अभ्यासक्रमातले छोटे प्रयोग तर साध्या प्रोसेसरवरही होतात. त्यापुढचे काम आम्ही गूगल कोलॅबवर, म्हणजे नेटवरून वापरायच्या गूगलच्या संगणकांवर, करतो. तेथे विनामूल्य खात्यावरही बहुधा १६ जीबी मेमरीचे टी४ कार्ड मिळते. वेळेची मर्यादा असते आणि नंदुरबारात नेट रुसले की हातातले काम थांबते, हे मान्य. तरीही जड लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर वसतिगृह ते वर्ग रोज वाहण्यापेक्षा मला ते सोयीचे वाटले. वर्गात चार्जिंगची जागा मिळवणे ही स्वतंत्र स्पर्धा परीक्षाच आहे.

पाटणादेवी (चाळीसगाव)

१६ जीबीचे कार्ड विनामूल्य मिळत असेल तर माझ्या मुद्द्याचा जोर कमी होतो, हे खरे. नेट भरवशाचे असेल तरच, एवढी अट मात्र मी कायम ठेवते.

लळिंग (धुळे)

आणखी एक बाब कोणी मांडलेली दिसत नाही. एएमडीने वेगा ग्राफिक्सचे ड्रायव्हर २०२३ पासून नव्या पिढ्यांपासून वेगळे काढले आहेत, आणि इंटेलनेही २०२५ मध्ये अकराव्या ते चौदाव्या पिढीचे अंगभूत ग्राफिक्स जुन्या विभागात टाकले. सुरक्षेच्या आणि मोठ्या दोषांच्या दुरुस्त्या येत राहतील; नव्या खेळांसाठीच्या खास सुधारणा येणार नाहीत. अभ्यासासाठी याने काही अडत नाही. पुतणी लिनक्स वापरणार असेल तर दोन्ही कंपन्यांचे ड्रायव्हर त्याच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) असतात आणि वेगळे काही बसवावे लागत नाही.

मुक्ताई (मुक्ताईनगर)

इतका वेळ वाचत होते, कारण लग्नाचे व्हिडिओ संपादन हा माझाही व्यवसाय आहे. डेस्कटॉपविषयी सगळे बोलले, परंतु भावाचा कॅमेरा कोणत्या स्वरूपात चित्रण करतो हे कोणीच विचारले नाही. बोरीकाठ भाऊ, कॅमेऱ्यातली फाइल ८ बिट आहे की १० बिट (रंगछटांची बारकाई), ४:२:० आहे की ४:२:२ (रंगाची माहिती किती ठेवली), आणि एच.२६४ आहे की एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), हे आधी पाहून सांगा. त्यावर सगळे उत्तर बदलू शकते.

बोरीकाठ (अमळनेर)

ताई, भावाला फोन करून विचारले. कॅमेरा सोनीचा आहे. एक्सएव्हीसी एचएस, ४के, ४:२:२, १० बिट, असे त्याने सेटिंगमधून वाचून दाखवले. संपादन तो प्रीमियर प्रोमध्ये करतो. मी आतापर्यंत येथील चर्चा आणि दुकानदाराचा सल्ला पाहून रायझेन ५ ५६००जी कडे झुकलो होतो.

मुक्ताई (मुक्ताईनगर)

मग ५६००जी घेऊ नका. खेळांसाठी आणि त्रिमितीय कामासाठी त्याचे वेगा ग्राफिक्स इंटेलच्या यूएचडी ७३० किंवा ७७० पेक्षा बरेच सरस आहे, यात वाद नाही. पण व्हिडिओ उलगडणारा भाग हा त्याच ग्राफिक्समधला एक स्वतंत्र विभाग असतो आणि त्याची क्षमता खेळांतल्या वेगावरून कळत नाही.

एक्सएव्हीसी एचएस म्हणजे आतून एचईव्हीसीच. त्याचा ४:२:२ १० बिट प्रकार इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून हार्डवेअरमध्ये उलगडते; अपवाद अर्थातच ‘एफ’ प्रोसेसरांचा. एएमडीचे अंगभूत ग्राफिक्स हा प्रकार उलगडत नाही, मग ते ५६००जी मधले वेगा असो वा महागड्या ८६००जी मधले ७६०एम. हतनूर भाऊंसाठी मुद्दाम लिहिते, एनव्हीडियाच्या कार्डांतही ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासूनच आली. त्याआधीचे ३०६० किंवा ४०६० घेतले तरी या फाइलींचा भार प्रोसेसरवरच पडतो. भावाच्या चौथ्या पिढीच्या आय५ मध्ये तर साधे एचईव्हीसीसुद्धा हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय नव्हती. तो अडखळतो तो म्हातारपणामुळे कमी आणि या उणिवेमुळे अधिक.

मी स्वतः आय५-१२५०० वर काम करते. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे दोन कॅमेऱ्यांचे चित्रण टाइमलाइनवर एकाखाली एक ठेवून सरकवता येते. जेथे दाणे काढायचे असतात किंवा जड इफेक्ट लावायचे असतात, तेथे मात्र यंत्र दमते. ते काम मी रात्री एक्सपोर्टला लावून झोपते.

हतनूर (भुसावळ)

मुक्ताई ताई, ४:२:२ चा मुद्दा माझ्या ‘एफ’च्या सल्ल्याला उभा छेद देतो, तेव्हा तो सल्ला या धाग्यापुरता मागे घेतो. पण आपण शेवटी जे लिहिले तेच माझे म्हणणे होते. जड इफेक्टसाठी आज ना उद्या कार्ड लागेल.

मुक्ताई (मुक्ताईनगर)

लागेल, आणि तेव्हा ते जरूर घालावे. फक्त कार्ड घातल्यावर काही बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू ठेवावे लागते. मग प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये उलगडण्याचे काम इंटेलकडे द्यावे आणि इफेक्टचे काम कार्ड करील. आज इंटेल घेतल्याने उद्याच्या कार्डाचा मार्ग बंद होत नाही.

केळीबाग (रावेर)

मंडळी, माझ्या केळीच्या गाड्यांचा हिशेब टॅलीत असतो आणि दोन मॉनिटर लागतात. मलाही हे ४:२:२ वगैरे हवे का?

मेहरूण (जळगाव)

केळीबाग, आपल्याला कोणतेही अंगभूत ग्राफिक्स चालेल. बोर्डावर दोन मॉनिटरांसाठी दोन जोडण्या आहेत एवढे पाहा. रावेरच्या उन्हात कॅबिनेटचा मागचा पंखा चालू आहे ना, हे त्याहून आधी पाहा.

बोरीकाठ (अमळनेर)

लॅपटॉपचे ठरले, आय५-१२३५यू, दोन पट्ट्यांचा. दुकानात टास्क मॅनेजर उघडून स्लॉट किती भरले आहेत ते पुतणी पाहून घेईल. डेस्कटॉपसाठी शेवटचा प्रश्न : आय५-१२४०० आणि १२५०० यांच्या किमतीत फरक आहे. तो देण्यासारखा आहे का? आणि जुन्या संगणकातली १६ जीबी रॅम नव्यात चालेल का?

मुक्ताई (मुक्ताईनगर)

१२४०० मधील यूएचडी ७३० मध्ये व्हिडिओ उलगडणारे व बांधणारे इंजिन एक आहे, १२५०० मधील यूएचडी ७७० मध्ये दोन. भाऊ एकाच कॅमेऱ्याने काम करत असेल तर १२४०० पुरेल. दोन कॅमेरे एकत्र लावत असेल, किंवा लग्नसराईत एकामागून एक एक्सपोर्ट काढावे लागत असतील, तर १२५०० घ्या. जुनी रॅम डीडीआर३ असणार, ती नव्या बोर्डात बसणारच नाही. बाराव्या पिढीला डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात. ज्या प्रकारच्या दोन पट्ट्या खिशाला झेपतील त्या प्रकारचा बोर्ड निवडा, आणि दुकानदाराने एकाच पट्टीत १६ जीबी पुढे केली तर ती परत करून ८-८ च्या दोन मागा.